पाच इंची ड्रोनची दुरुस्ती-पेटी : कोणतं हत्यार पैसे वसूल करतं, कोणतं नाही

तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा कामांपुरती सूट आहे. सुट्या भागांना मात्र ही बंदी लागू नाही. त्यामुळे इथला एफपीव्हीचा (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये पाहत उडवण्याचा) छंद हा प्रामुख्याने जोडणाऱ्यांचा छंद झाला. फ्रेम एकीकडून, मोटर दुसरीकडून, स्टॅक (फ्लाइट कंट्रोलर आणि मोटरना वीज पुरवणारा ईएससी, अशा दोन बोर्डांची जोडी) पुण्याच्या रोबू डॉट इनवरून, तारा आणि एक्सटी६० (बॅटरीचा जोड) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून. असा ड्रोन पडला की दाखवायला सर्व्हिस सेंटर नसतं. घरचं टेबल आणि टेबलावरची पेटी, एवढाच आधार.

त्या पेटीत काय असावं, त्याचं हे परीक्षण. समोर धरला आहे तो नेहमीचा पाच इंची प्रॉपचा (पंख्याचा) ड्रोन : ६एस, म्हणजे सहा सेलांची बॅटरी, २२०७ किंवा २३०६ आकाराच्या मोटर, ४-इन-१ ईएससी (चारही मोटरना मिळून एकच बोर्ड), बीटाफ्लाइट (कंट्रोलरवरचं सॉफ्टवेअर), आणि बॅटरीसकट साधारण ६५० ते ७०० ग्रॅम वजन. प्रत्येक वस्तूला कसोटी एकच लावली आहे. उडवण्याआधी ती असा कोणता दोष पकडते किंवा दुरुस्त करते, जो पेटीतल्या दुसऱ्या कशानेही होत नाही? या कसोटीवर काही महागड्या वस्तू नापास होतात आणि ट्रकचा एक बल्ब पहिल्या वर्गात पास होतो.

सोल्डरिंग आयर्न : पाइनसिल

सुरुवात इथून, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. घरोघरी सापडणारा सोल्ड्रॉनचा २५ वॅटचा आयर्न वाईट नाही. रिसीव्हरच्या चार तारा, बजर, एलईडीची पट्टी ही कामं तो वर्षानुवर्षं करेल. त्याची फजिती होते ती ईएससीच्या बॅटरी पॅडवर. तो पॅड आतल्या तांब्याच्या जाड थरांना जोडलेला असतो आणि वरून १२ किंवा १४ गेजची तार उष्णता खेचत असते. आयर्नचं टोक टेकवलं की ते तिथल्या तिथे थंड पडतं, सोल्डर लापशीसारखं होऊन बसतं. मग माणूस मिनिटभर दाबून धरतो. तेवढ्यात पॅड बोर्डापासून सुटतो, नाहीतर शेजारचा छोटा कपॅसिटर सरकतो. कमी वॅटचा आयर्न बोर्डाला सुरक्षित, हा समज इथे उलटा ठरतो. भरपूर ताकदीचा आयर्न तीन सेकंदांत काम आटपून बाजूला होतो आणि बोर्ड वाचतो.

पाइन६४ कंपनीचा पाइनसिल व्ही२ या कामासाठी आमची पहिली पसंती. त्यांच्या दुकानात किंमत सुमारे २६ डॉलर, वर पाठवणी आणि कर. पेनाएवढा, यूएसबी-सीवर चालणारा, बॅरल जॅकमधून थेट बॅटरीवरही चालणारा. मात्र तो किती ताकद देतो ते तुम्ही मागे काय लावता यावर ठरतं, आणि नाराजीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. लांब टिपांचा रोध ८ ओहम, आखूड टिपांचा ६.२ ओहम. हिशोब साधा आहे : व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. फोनच्या चार्जरने ९ व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या टिपेवर जेमतेम १० वॅट. १२ व्होल्टवर १८ वॅट. लॅपटॉपच्या ६५ वॅट पीडी चार्जरने २० व्होल्ट दिले की ५० वॅट, आणि आखूड टिपेवर जवळपास ६५. म्हणजे फोनच्या चार्जरवर लावून ‘पाइनसिल तापत नाही’ म्हणणाऱ्यांनी मुळात पाइनसिल वापरलेलाच नसतो.

मैदानावर ४एस बॅटरीवर तो २७ ते ३५ वॅटच्या दरम्यान चालतो. मोटरची सुटलेली तार जोडायला हे पुरतं, बॅटरीची जाड तार बदलायला कमी पडतं. ते काम घरीच करावं. बॅटरीवर चालवताना आयर्नओएसच्या (पाइनसिलच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये पॉवर सोर्स म्हणून ४एस निवडावं आणि प्रति सेल किमान व्होल्टेज ३.५ वर ठेवावं. हे विसरलं तर आयर्न बॅटरीला मरेपर्यंत पिळतो.

सोबत येणारी टोकदार बी२ टिप ड्रोनच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. सुईसारख्या टोकातून उष्णता जातच नाही. डी२४, म्हणजे २.४ मिलिमीटरची छिन्नीसारखी टिप, किंवा तिरकस कापलेली बीसी२ सोबतच मागवावी. या वेगळ्या खर्चाबद्दल आम्ही पाइनसिलचा एक गुण कापतो. स्टँड मिळत नाही म्हणून आणखी अर्धा.

सोल्डर ६३/३७चं, रोझिन कोअर असलेलं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं. मधल्या मऊ अवस्थेत तार हलून ड्राय सोल्डर (वरून धरलेला, आतून सुटा जोड) होण्याचा धोका त्यामुळे कमी. ०.८ मिलिमीटर जाडीचं बहुतेक कामांना पुरतं. शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, ते नवशिक्याने या कामासाठी घेऊ नये. शिसं असलेलं वापरल्यावर मात्र हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स बोर्डावर चुकूनही नको. तो महिन्याभरात हिरवा गंज आणतो.

तापमान : सिग्नलच्या बारीक तारांना ३४० ते ३६०, मोटरच्या तारांना ३८०, बॅटरीच्या पॅडला ४०० ते ४२० अंश. बॅटरीची तार बदलताना आधी पॅडवर सोल्डरचा फुगीर थर घ्यावा, मग तारेच्या टोकात सोल्डर मुरवावं आणि शेवटी तार थरावर दाबून दोन्ही एकत्र वितळवावं. आयर्न काढल्यावर तार पाच सेकंद हलवायची नाही. एक्सटी६० जोडताना त्यात समोरचा जोड खुपसून ठेवावा. नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात आणि पुढे बॅटरी लावताना ठिणगी मारत राहतात. चांगला जोड गुळगुळीत, कडांना पसरलेला दिसतो. गोळी होऊन पॅडवर बसलेला जोड कितीही चमकला तरी पुन्हा करावा.

याच वेळी बॅटरीच्या पॅडवरचा कपॅसिटर बोटाने हलवून पाहावा. ६एसला १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) हा नेहमीचा. ५० व्होल्टचा मिळाला तर उत्तम, कारण मोटर ब्रेक मारताना उसळणारं व्होल्टेज ३५च्या फार जवळ जातं. आपटल्यावर याचा एक पाय हमखास तुटतो आणि ड्रोन तरीही उडतो. फक्त व्हिडिओत रेघा येतात, जायरोचा (ड्रोनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) गोंगाट वाढतो, आणि मग एखाद्या दिवशी जोरात थ्रॉटल दिल्यावर ईएससी जळतो. बाजूची पट्टी ऋण टोकाची. उलटा लावला तर फुटतो.

मल्टिमीटर

महाग असण्याची काहीही गरज नाही, पण बजर हवाच. पिवळ्या डीटी-८३०च्या काही आवृत्त्यांत तो नसतो, घेताना प्रोब एकमेकांना टेकवून ऐकून घ्यावा. डायोड मोडही पाहून घ्यावा.

आपटलेल्या ड्रोनला बॅटरी लावण्याआधी एक्सटी६०च्या दोन टोकांवर बीप तपासायचा. क्षणभर वाजून थांबला तर ठीक, तो कपॅसिटर भरत होता. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढची पायरी बरेच जण सोडतात : कोणता मॉसफेट (ईएससीवरचा, मोटरला वीज सोडणारा स्विच) गेला ते शोधणं. डायोड मोडवर लाल प्रोब बॅटरीच्या ऋण पॅडवर, काळा एकेका मोटर पॅडवर. निरोगी मॉसफेट ०.४ ते ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि बाराही पॅडचे आकडे जवळजवळ सारखे येतात. मग काळा प्रोब धन पॅडवर आणि लाल एकेका मोटर पॅडवर, म्हणजे वरच्या बाजूचे मॉसफेट. शून्य आला की तिथला मॉसफेट आरपार गेला. एक मेख आहे. मोटर जोडलेली असताना तिच्या तीनही तारा वाइंडिंगमधून एकमेकांना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक पॅड मेला तरी तिन्ही मेलेले दिसतात. नेमका कोणता ते कळायला त्या मोटरच्या तारा काढाव्या लागतात.

मोटरचं वाइंडिंग मात्र साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही. तो रोध काही दशांश ओहमच्याही खाली असतो आणि प्रोबचाच रोध त्याहून मोठा भरतो. इथे हातच बरा. सुटलेल्या मोटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवून बेल (मोटरचं बाहेरचं फिरणारं कवच) फिरवायची, मग दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्ही वेळा सारखाच अडखळता विरोध जाणवला तर वाइंडिंग शाबूत. एखाद्याही जोडीला मोटर मोकळी फिरली तर तार तुटली आहे.

मोटरचे स्क्रू हा मल्टिमीटरचा आणखी एक विषय. एम३चा स्क्रू आर्मची (फ्रेमच्या मोटर धरणाऱ्या दांड्याची) जाडी सोडून मोटरमध्ये अडीच ते तीन मिलिमीटर जायला हवा. ५ मिलिमीटरच्या आर्मला ८चा स्क्रू बरोबर, १०चा वाइंडिंगमध्ये घुसतो. आर्म बदलताना जुनेच स्क्रू पातळ आर्मला लावले की हा घोळ होतो. बॅटरी काढून स्क्रूचं डोकं आणि मोटरची तार यांमध्ये मोजावं. बीपवर भरवसा ठेवू नये, ओहम मोडवर ठेवावं. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, पण तांब्याइतकी नाही, त्यामुळे त्यातून झालेला शॉर्ट काही वेळा बीप न देता नुसता एक स्थिर आकडा दाखवतो. असा कोणताही स्थिर आकडा म्हणजे थांबायचं.

स्मोक स्टॉपर : विकतचा आणि ट्रकचा

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये काहीतरी असायला हवं. बोर्डात कुठे शॉर्ट राहिला असेल तर ६एस बॅटरी शंभरावर अँपिअर ओतते आणि दोन सेकंदांत स्टॅक कोळसा होतो.

वायफ्लायचा शॉर्टसेव्हर २ हा विकतचा पर्याय. एक्सटी६० आणि एक्सटी३० दोन्ही जोड, १ किंवा २ अँपिअरची मर्यादा, ती ओलांडली की प्रवाह तोडतो. काम चोख. तक्रार एकच, आणि ती उपकरणापेक्षा समजुतीची : डिजिटल व्हीटीएक्स (व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर) असलेला ड्रोन ४एसवर नुसता बसूनच १ अँपिअरच्या आसपास खातो. मर्यादा १ वर ठेवली तर चांगला ड्रोनही बंद पडतो आणि लोक नसलेला शॉर्ट शोधत बसतात. डिजिटलला २, अॅनालॉगला १.

दुसरा पर्याय प्रत्येक वायरमनला ठाऊक असलेल्या सिरीज बोर्डाचा. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातून ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आणायचा, एक्सटी६०च्या नर-मादी जोडाच्या धन तारेत मालिकेत सोल्डर करायचा, झालं. बॅटरी लावल्यावर बल्ब एकदा चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर सगळं ठीक. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट, ताबडतोब काढा. शॉर्ट असला तरी प्रवाह १ अँपिअरच्या वर टिकू शकत नाही, कारण बल्बच तेवढा घेतो. मोटारसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब चालणार नाही, ६एसवर तो स्वतःच उडतो. विकतच्यापेक्षा हा एका बाबतीत सरस आहे : अर्धवट शॉर्ट, म्हणजे ओलावा किंवा सोल्डरचा केस, त्याच्या उजेडात दिसतो. विकतचा फक्त चालू किंवा बंद सांगतो.

दोन्हींची मर्यादा सारखी. ड्राय सोल्डर, उलट फिरणारी मोटर, सुटलेली अँटेना यांतलं काहीही ते पकडत नाहीत. आणि ते लावून मोटर जोरात फिरवायच्या नाहीत.

बीटाफ्लाइट कॉन्फिगरेटर

फुकट आहे, आता क्रोम ब्राउझरमध्ये थेट चालतो, आणि पेटीतलं सगळ्यात तीक्ष्ण हत्यार हेच. तरीही बहुतेक जण तो फक्त सेटिंग करायला उघडतात, तपासायला नाही.

प्रॉप काढलेले. ही अट सैल होत नाही. यूएसबी लावून सीएलआयमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पानावर) आधी ‘डिफ ऑल’ देऊन सगळं फाइलमध्ये जपून ठेवावं, मग ‘स्टेटस’. ड्रोन आर्म का होत नाही, म्हणजे मोटर सुरू करायला तयार का होत नाही, याचं कारण तिथे शब्दांत लिहिलेलं असतं. आरएक्सलॉस म्हणजे रिसीव्हरचा संपर्क नाही, थ्रॉटल म्हणजे दांडी पूर्ण खाली नाही, अँगल म्हणजे ड्रोन तिरका ठेवला आहे. एमएसपी दिसलं तर घाबरू नये, कॉन्फिगरेटर जोडलेला असेपर्यंत ते राहणारच.

खरं मूल्य मोटर्सच्या पानावर आहे. बॅटरी लावून (यूएसबीवर ईएससी जागा होत नाही) एकेक स्लायडर ११०० वर न्यायचा. क्रम : १ मागे उजवी, २ पुढे उजवी, ३ मागे डावी, ४ पुढे डावी. मूळ मांडणीत १ आणि ४ घड्याळाच्या दिशेने, २ आणि ३ उलट. ‘प्रॉप्स आउट’ निवडलं असेल तर सगळं उलट. उडताक्षणी कोलांटी घेणाऱ्या ड्रोनचं निदान बहुतेक वेळा इथेच होतं : ईएससी बदलल्यावर क्रम बदलला, किंवा मोटर बदलताना दोन तारांची अदलाबदल होऊन ती उलट फिरू लागली, किंवा प्रॉप चुकीच्या बाजूचा बसला.

दुतर्फा डीशॉट (कंट्रोलर आणि ईएससी यांच्यातला दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद) चालू असेल तर प्रत्येक मोटरचे आरपीएम आणि चुकांची टक्केवारीही दिसते. चारही मोटर एकाच स्लायडरवर ठेवल्या की आकडे एकमेकांच्या अगदी जवळ हवेत. एक मोटर ठळकपणे मागे पडत असेल तर बेअरिंग, सरकलेलं चुंबक किंवा अर्धवट जोड. चुकांचा आकडा एक टक्क्याच्या वर जात असेल तर सिग्नलची तार किंवा स्टॅकमधली पट्टी तपासा. मोटरच्या पोलची (चुंबकांची) संख्या १४ भरली आहे ना तेही पाहा, ती चुकली तर आरपीएम फिल्टर (मोटरच्या वेगावरून थरथर गाळणारा) चुकीच्या जागी काम करतो आणि मोटर तापतात.

स्पीडीबी एफ४०५ व्ही४ हा भारतात खूप वापरला जाणारा स्टॅक या बाबतीत अर्धा पास. बोर्डावरच ब्लूटूथ असल्यामुळे ही सगळी तपासणी मैदानावर फोनवरून होते, लॅपटॉप लागत नाही, हा मोठा फायदा. पण सोबतचा ५५ अँपिअरचा ईएससी बीएलहेली-एस फर्मवेअरवर येतो आणि त्यात आरपीएम दिसत नाहीत. ब्लूजे फर्मवेअर टाकल्यावर दिसतात. टाकण्याआधी जुन्या फर्मवेअरचं टार्गेट नाव (ते कोणत्या ईएससी बोर्डासाठी आहे ते) लिहून घ्यावं. चुकीचं टार्गेट टाकलं तर मोटर फिरवताच मॉसफेट जळू शकतात.

मोटर थरथरते आणि सुरूच होत नाही, तेव्हा दोष मोटरचा की ईएससीचा? तिच्या तारा शेजारच्या चांगल्या मोटरच्या पॅडवर लावून पाहाव्यात. दोष मोटरसोबत गेला तर मोटर, जागेवर राहिला तर ईएससी. नवी मोटर मागवण्याआधी ही दहा मिनिटं घालवावीत. बहुतेक वेळा निघतो तो एका तारेचा ड्राय सोल्डर.

शेवटी फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटल्यावर ड्रोनने आपणहून मोटर थांबवणं. प्रॉप नसताना आर्म करून थोडं थ्रॉटल द्यायचं आणि रिमोट बंद करायचा. दोनेक सेकंदांत मोटर थांबल्या पाहिजेत. या चाचणीत मोटरचा वेग आपोआप चढत जाताना दिसेल, तो दोष नव्हे. कंट्रोलर तोल सावरू पाहतोय आणि प्रॉप नसल्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही.

पाने, पेचकस, प्रॉप

अॅलन ड्रायव्हर तीनच : १.५, २ आणि २.५ मिलिमीटर. एम३च्या गोल डोक्याच्या स्क्रूला २, उभ्या डोक्याच्या स्क्रूला २.५. इथे स्वस्त घेऊ नये. मऊ पोलादाचा ड्रायव्हर कडा गोल करून घेतो आणि मग स्क्रूच्याही करतो. २ मिलिमीटरचं भोक गोल झालंच तर टी८चा टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने ठोकून स्क्रू निघतो. बॅटरीवरचा स्क्रू-ड्रायव्हर नापास : कार्बनमधल्या बारीक स्क्रूवर हाताला जो अंदाज येतो तो त्याला येत नाही. कटर आणि पक्कड टपारियाची पुरेल.

मोटरच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट २४३, अगदी थेंबभर. प्रॉपजवळ किंवा कॅमेऱ्याच्या प्लास्टिकजवळ ते जाता कामा नये, पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं. प्रॉपच्या एम५ नटला लॉकटाइट लागतच नाही, नायलॉक (आतून नायलॉनचं कडं असलेला नट) पुरतो. मात्र घट्ट केल्यावर नायलॉनच्या वर किमान एक आटा दिसला पाहिजे, आणि हाताच्या बोटांनी फिरू लागलेला नट टाकून द्यायचा. ८ मिलिमीटरचा टी-हँडल सॉकेट मैदानावर खिशात हवा.

प्रॉप बॅलन्सर नापास. पाच इंची प्रॉप कारखान्यातून पुरेसे समतोल येतात, आणि तडकलेला प्रॉप समतोल करण्यात अर्थ नाही. प्रत्येक पातं नखाने कडेकडेने चाचपावं, मुळाशी पांढरी रेघ दिसली तर बदलावा, हबमध्ये केसाएवढी भेग दिसली तरी बदलावा. वाकलेलं पातं हाताने सरळ केलेलं चालतं हा समज महाग पडतो. ते दिसायला सरळ होतं, पण थरथर राहते, जायरोला गोंगाट जातो आणि मोटर तापतात.

मोटर हाताने फिरवून बघताना कान लावावा. करकर आवाज म्हणजे बेअरिंगमध्ये माती किंवा चुंबकाला चिकटलेले कण. महाराष्ट्रात हा विषय जरा वेगळाच आहे. बेसॉल्टच्या झिजेतून आलेल्या मातीत मॅग्नेटाइट असतं, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट. दोन्ही मोटरच्या चुंबकांना जाऊन बसतात. फुंकर मारून ते जात नाहीत. मोटरची बेल काढून मास्किंग टेप उलटा गुंडाळून दाबत दाबत उचलावेत. बेल परत बसवताना खालचा स्क्रू किंवा सर्कलिप नीट बसली का ते दोनदा पाहावं, हवेत बेल सुटून गेली तर ड्रोन परत मिळत नाही.

बॅटरी चेकर आणि अँटेना

बॅलन्स तारेला लागणारा आठ सेलपर्यंतचा साधा चेकर पेटीत हवा, महाग घेऊ नये. भरलेला सेल ४.२०, साठवणुकीला ३.८० ते ३.८५. विश्रांतीत सेलांमधला फरक ०.०३ व्होल्टपर्यंत सोडून द्यावा, ०.०५च्या पुढे गेला तर ती बॅटरी हलक्या उड्डाणांपुरती ठेवावी. पण चेकर अंतर्गत रोध सांगत नाही आणि बॅटरी म्हातारी झाली ते आधी तिथे कळतं. ते काम चार्जरचं. नवी असतानाचे सहाही सेलांचे मिलिओहम बॅटरीवर मार्करने लिहून ठेवावेत, आणि दर वेळी साधारण त्याच तापमानाला मोजावेत, थंड बॅटरी जास्त रोध दाखवते. एखाद्या सेलचा आकडा दुप्पट झाला की निरोप द्यावा. फुगलेली, टोचलेली, आपटून कोपरा दबलेली बॅटरी चेकरवर कितीही सुंदर दिसली तरी चार्ज करायची नाही. चार्जिंग १सीने, म्हणजे १३०० एमएएचला १.३ अँपिअर. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवणं हे विदर्भात मे महिन्यात सरळ आग मागवणं आहे.

व्हीटीएक्सला अँटेना नसताना बॅटरी लावायची नाही, त्याचा अॅम्प्लिफायर स्वतःच्याच परतलेल्या ऊर्जेने जळतो. रिसीव्हरच्या इवल्या यू.एफएल जोडावर आपटण्याचा सगळ्यात जास्त परिणाम होतो. तो अर्धवट सुटला तरी जवळून सगळं चालतं, लांब गेल्यावर संपर्क तुटतो. एक्सप्रेसएलआरएस या रिमोट-रिसीव्हर प्रणालीत हे पकडायला वेगळं उपकरण लागत नाही : रिमोट १० मिलिवॅटवर, ड्रोन दोन-तीन मीटरवर, आणि रिमोटच्या पडद्यावर आरएसएसआय (सिग्नलची ताकद). तो उणे ८०च्या आसपास असेल तर अँटेना गेली. जोड घट्ट केल्यावर त्यावर गरम गोंदाचा छोटा ठिपका द्यावा.

इन्फ्रारेड थर्मामीटर नापास. चकचकीत अॅल्युमिनियमच्या बेलवर तो खरा आकडा दाखवत नाही, नेहमी कमीच. बोट जास्त प्रामाणिक आहे.

मैदानावर पेटीत फोनही धरायचा, कारण २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन २०२१च्या ड्रोन नियमांत ‘मायक्रो’ वर्गात जातो आणि जागेचा रंग डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहणं हा उड्डाणापूर्वीच्या तपासणीचाच भाग आहे. हिरव्या क्षेत्रातही मर्यादा ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर. शहर पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश नकाशावर दिसतीलच असं नाही, मुंबईत ते वरचेवर निघतात, वेगळे पाहावेत.

पहिलं उड्डाण म्हणजे छातीएवढ्या उंचीवर तीस सेकंद तरंगणं, बाकी काही नाही. उतरवून, आर्म काढून, बॅटरी सोडवून चारही मोटरवर लगेच बोट ठेवायचं. चारही कोमट असतील तर पुढे जावं. एकच चटका देत असेल तर त्या आर्मचा प्रॉप, बेअरिंग, स्क्रूची लांबी या क्रमाने परत जावं. चारही तापल्या असतील तर दोष मोटरचा नाही. स्टॅकच्या रबरी बुशांवरचे स्क्रू इतके आवळले गेले आहेत का की बुश दबून कडक झाले, ते पाहावं, आणि मग बीटाफ्लाइटमधल्या फिल्टर आणि डी-टर्म या सेटिंगकडे वळावं.